कोऱ्या फ्लॉप्यांचा सोमवार

१

दसऱ्याचं सोनं वाटलं की माणसं निदान आठवडाभर गोड बोलतात, असा संयोगिता शेडगे यांचा आजवरचा अनुभव. माधवनगरच्या हेरलगे पंप्समध्ये तो सोमवारी सकाळीच खोटा ठरला. साईराज गाडवे कॉम्प्युटरपुढे बसून एकामागून एक फ्लॉपी आत सारत होता. यंत्र जरा घरघरायचं, विचार केल्यासारखं करायचं, आणि पडद्यावर तेच उत्तर यायचं: ही फ्लॉपी वाचता येत नाही.

शेवटचीही तशीच निघाली तेव्हा त्याने हात मांडीवर ठेवले.

“सगळ्या कोऱ्या. गुरुवारी संध्याकाळी इथंच चालवून दाखवल्या होत्या, मॅडम. होवाळ होते, स्टोअरचे सोपानतात्या होते.”

संयोगिताबाई साताऱ्याच्या. कारखान्यांचे खर्च तपासणं हा त्यांचा धंदा. नवा माणूस भेटला की तो जमेला धरायचा की नावे, हे त्यांचं डोकं आपोआप ठरवून टाकी, आणि बरेचदा ती नोंद मागाहून फिरवावी लागे, हेही त्या हसून कबूल करत. मालक आप्पासो हेरलगे यांनी त्यांना बोलावलं होतं ते एका खरेदीसाठी. कारखान्यात स्टोअर, खरेदी, उत्पादन आणि हिशेब अशी चार खाती चार तोंडांनी बोलत. गोदामात बेअरिंगं धूळ खात पडलेली असताना खरेदीवाले तीच नव्याने मागवत. शिवाय दोन हजार साल उजाडलं की जुना कॉम्प्युटर स्वतःला एकोणीसशे सालात समजणार, असं कुणीतरी आप्पासोंच्या कानात घातलेलं. मग सगळा कारखाना एका माळेत ओवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं.

विकणारे तीन आले. परदेशी कंपनीच्या वतीने पुण्याचा कपिल दातार टाय लावून आला. त्याचं म्हणणं, आमचं सॉफ्टवेअर जगात चालतं, तेव्हा तुमचा कारखाना त्याच्या मापाचा करून घ्या. बेंगळुरूवाले म्हणाले, तुम्ही म्हणाल ते होईल. तिसरा साईराज, सांगलीत सायकलच्या दुकानावरच्या खोलीत तीन पोरं घेऊन बसलेला. तो काही न म्हणता आधी स्टोअरमध्ये जाऊन बसला आणि मोडीत निघालेला माल कुठं टाकता, ते विचारू लागला.

आप्पासो काटकसरी. तिघांना मिळून त्यांनी एकच कॉम्प्युटर दिला. पाळीपाळीने बसायचं, कारखान्याचा खरा माल भरायचा, महिनाअखेरचा साठा काढून दाखवायचा. मग सगळं उतरवून कपाटात ठेवायचं आणि कॉम्प्युटरमधलं पुसून तो पुढच्याच्या हवाली करायचा. आमची माहिती फाटकाबाहेर जायची नाही, म्हणून दुसरी प्रत काढायची नाही. बेंगळुरूवाल्यांचा इंजिनियर अर्ध्या पाळीत आजारी पडून गेला, तो परत फिरकला नाही. राहिले दोघे. कपिलने आपलं काम सीडीवर उतरवलं, साईराजने फ्लॉप्यांवर. दोन्ही एकाच पत्र्याच्या डब्यात. चार वाजता संचालकांपुढे दोघांची तुलना व्हायची होती.

आता डब्यातली सीडी घालून पाहिली. ती सुरळीत चालली.

“कुलूप शाबूत, डबा शाबूत, आन् मेल्या त्या ह्याच्याच,” आप्पासो म्हणाले. “किल्ल्या दोन. एक सोपानरावाकडं, एक होवाळाकडं.”

एवढं बोलून ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते तडक आवारात गेले, आणि चहाच्या सुट्टीत उभ्या असलेल्या कामगारांसमोर त्यांनी आपल्या कॉम्प्युटर अधिकाऱ्याला, प्रबुद्ध होवाळला, विचारलं की शुक्रवारी, खंडेनवमीला तू कुठं होतास. प्रबुद्ध म्हणाला, आटपाडीला, घरी.

आप्पासोंनी लगेच आटपाडीला फोन लावला. होवाळांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या कोंडीबाच्या किराणा दुकानात होता. चोरीचा मामला आहे, हेही त्यांनी कोंडीबाला सांगून टाकलं. कोंडीबाने आळीत विचारून कळवलं की पोरगा शनिवारी आला.

“चार वाजेपर्यंत खरं सांग,” आप्पासो म्हणाले, “न्हाईतर नोकरी गेली, आन् म्होरचं पोलीस बघतील.”

२

प्रबुद्ध खिडकीपाशी उभा होता. बसा म्हटलं तरी बसेना. आटपाडीहून इथवर आलेला, डिप्लोमा झालेला, कामाला चोख. दोन्ही सॉफ्टवेअरची तुलना त्यानेच लिहून काढली होती, आणि ती संयोगिताबाईंनी एसटीत वाचली होती. परदेशी सॉफ्टवेअर भक्कम, पण जरा काही बदलायचं तर पुण्याहून माणूस बोलवायचा आणि त्याच्या जेवणाखाण्यासकट बिल भरायचं. साईराजचं कच्चं, पण आपल्या स्टोअरची चाल ओळखणारं. शेवटी त्याने साईराजला झुकतं माप दिलं होतं.

“ज्याला निवडलंस त्याच्याच फ्लॉप्या कशाला मारशील?” बाईंनी विचारलं.

“हेच मी म्हणालो. आप्पासो म्हणाले, लिहायचं एक आन् करायचं एक, असली माणसं बघितल्यात.”

“शुक्रवारचं खोटं का बोललास?”

त्याने खिडकीची कडी उगाच लावली, काढली. मग त्याने सांगितलं. कपिल दातारने त्याला पुण्याला बोलावलं होतं, नोकरीसाठी. पगार इथल्या दुप्पट. तो गेला, मोठ्या साहेबांसमोर बसला, आणि चहा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की माधवनगरचा निकाल ‘नीट’ लागला तरच ही नोकरी आहे. तो उठून आला. घरी सांगायची लाज वाटली, आणि इथं सांगितलं असतं तर गेलो होतो एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं असतं.

“आता आईला सगळी आळी विचारत असेल,” तो म्हणाला. “नोकरीचं सोडा, मॅडम. चोर म्हणाले ते आटपाडीपर्यंत गेलं.”

बाईंनी त्याला मनातल्या मनात जमेला धरलं. पण त्यांच्या मनाने धरलेलं संचालक कशाला मानतील? तो पुण्याला होता हे सांगू शकणारा माणूस एकच, आणि ते सांगितलं तर तो स्वतःच गोत्यात येणार होता.

३

कपिल पाहुण्यांच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसला होता. होवाळला मी कारखान्याबाहेर कधी भेटलोच नाही, असं तो इतक्या सहज म्हणाला की बाईंना त्या सफाईचं कौतुक वाटलं.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “मग संचालकांना मी असं सांगते की प्रतिस्पर्ध्याच्या फ्लॉप्या मेल्या, तुमची सीडी वाचली, आणि किल्लीवाला मुलगा त्या दिवशी कुठं होता ते कुणालाच माहीत नाही. तुम्हालाही नाही. यात सगळ्यात वाईट कोण दिसतं, तुम्हीच बघा.”

कपिलने वर्तमानपत्राची घडी घातली. टाय थोडा सैल केला. मग म्हणाला की शुक्रवारी दहापासून दुपारपर्यंत होवाळ पुण्याच्या ऑफिसात होता, आणि तिथून एसटी स्टँडवर त्याला आपणच सोडलं. शनिवारी तो आटपाडीला होता, हे तर कोंडीबानेच सांगितलेलं. रविवारी कारखाना बंद.

म्हणजे राहिली दुसरी किल्ली.

सोपान फडतरे स्टोअरचे प्रमुख. अंगावर खाकी शर्ट, कानाला पेन्सिल, निवृत्तीला दोन वर्षं. महिनाभर ते ज्याच्या-त्याच्यापाशी सांगत होते की त्या कॉम्प्युटरच्या पेटीला आपण हात लावणार नाही. साईराजने माहिती विचारली की ते तोंडी सांगायचे, तेही छताकडे बघत. बाई गेल्या तेव्हा ते एका रिकाम्या खोक्यावर बसले होते आणि त्यांचा चहा पुढ्यात निवला होता.

“तात्या, कपाट उघडलं होतं का?”

“न्हाई.”

“नवमीला तुम्ही इथं होता.”

“समदेच हुते. टूलरूममधी पूजा असती, जेवण असतं. होवाळ तेवढा येत न्हाई, त्यांच्यात न्हाई चालत. म्या कशाला त्या पेटीच्या नादी लागू?”

उत्तर चटकन आलं, पण त्यांची नजर उंबऱ्यापाशी राहिली. बाई खोटं ओळखायला शिकल्या होत्या ते बिलांवरून, आणि खोट्या बिलावरचा आकडा नेहमी जरा जास्तच ठळक लिहिलेला असतो. तात्यांचं ‘न्हाई’ तसं होतं. पण एक गोष्ट जुळत नव्हती. कॉम्प्युटरचा राग असलेला माणूस फ्लॉप्या मारील आणि सीडी सोडील? त्याला तर दोन्ही सारख्याच नकोशा.

साईराजचाही विचार त्यांनी करून पाहिला. आपलं काम बोर्डापुढे फसणार म्हणून त्यानेच कोऱ्या फ्लॉप्या आणल्या असतील तर? पण लेबलांवर प्रबुद्धची सही होती, तीच शाई, तीच वळणं. फ्लॉप्या त्याच. फक्त आतलं गेलेलं.

तीन वाजायला आले होते.

४

बाई पुन्हा कॉम्प्युटरपाशी येऊन बसल्या आणि त्यांनी एक फ्लॉपी उजेडात धरली. वर सरकणारी पत्र्याची झडप असते, तिच्या फटीत लाल काहीतरी बसलं होतं. ओतकामाची तांबडी धूळ असेल, असं आधी वाटलं. बोटाने टिपली तर ती मऊ निघाली, आणि बोट रंगलं. सीडीच्या प्लॅस्टिकच्या पेटीवर एक पिवळा थेंब वाळला होता.

त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि त्या उठल्या.

कोण आलं, कोण गेलं, हे सकाळपासून सगळेच विचारत होते. हळदीकुंकू असेल तर प्रश्न वेगळाच होता: हा डबा कुठं जाऊन आला? आणि तिथं असं काय होतं, की ज्याने फ्लॉपी मरते आणि सीडीला धक्का लागत नाही? पाणी लागलं असतं तर लेबलांवरची शाई फुटली असती. धग लागली असती तर दोन्ही वाकड्या झाल्या असत्या.

टूलरूमचे फोरमन लालासाहेब बाबर फौजेत यंत्रदुरुस्तीच्या पलटणीत होते. त्यामुळे त्यांच्या खोलीत स्क्रू ड्रायव्हरसुद्धा सावधान उभे असत. नवमीची पूजा दरवर्षी तेच मांडत. हत्यारं धुवायची, पुसायची, मांडायची, रात्रभर तशीच ठेवायची, आणि दसऱ्याच्या सकाळी उचलायची. यंदाची पूजा लय देखणी झाली होती, असं त्यांनी आपणहून सांगितलं आणि कशी मांडली ते दाखवायला बाईंना ग्राइंडिंग मशीनपाशी नेलं.

तिथं एक लोखंडी ठोकळा होता, पाटाएवढा, आरशासारखा घासलेला. कडेला झेंडूच्या दोन पाकळ्या अजून चिकटलेल्या. त्या पाहायला बाई वाकल्या, आणि पदराला लावलेली पिन कुणीतरी बोटात धरून ओढावी तशी खाली ओढली गेली. पदर ताणला. पिन टक्‌कन ठोकळ्याला जाऊन बसली.

“आवं मॅडम, जपून,” लालासाहेब म्हणाले. त्यांनी बाजूचा दांडा फिरवला तशी पिन सुटली. “मॅग्नेटिक चक हाय. काम धरून ठिवतो. पूजेला मी चालूच करून ठिवतो, म्हंजी ड्रिलं, मापाच्या गेजा उभ्या ऱ्हात्यात, हाराचा धक्का लागला तरी पडत न्हाईत. आज ग्राइंडिंगचं काम हाय म्हणून चालूच.”

“यावर पूजेच्या दिवशी आणखी काय होतं?”

“हत्यारं. वर हार. प्रसादाला रांग लागली तवा तात्या मागं रेंगाळले हुते खरं. ते हाराखाली काय करत हुते, म्या बघितलं न्हाई.”

बाईंनी पदर सारखा केला. चार वाजायला वीस मिनिटं होती.

५

संचालक बसले होते. कपिल आणि साईराज भिंतीपाशी, प्रबुद्ध दाराशी, तात्या त्याच्याही मागे. मधल्या टेबलावर लालासाहेबांनी चक आणून ठेवला होता, दोन माणसांनी उचलून.

बाईंनी साईराजला एक नवी फ्लॉपी भरून आणायला सांगितली होती. ती आधी चालवून दाखवली. मग चकवर ठेवून दांडा फिरवला. झडप पत्र्याची, फ्लॉपी जागीच बसली. जरा वेळाने ती उचलून कॉम्प्युटरमध्ये घातली. यंत्र घरघरलं, आणि सकाळचंच उत्तर आलं.

मग त्यांनी कपिलची सीडी मागितली. तो दचकला, पण त्याने ती दिली. तीही चकवर ठेवली. सीडी चालली.

“फ्लॉपीवरचं लिखाण चुंबकाचंच असतं, म्हणून मोठा चुंबक ते पुसतो,” बाई म्हणाल्या. “सीडीचं तसं नसतं. हा चक नवमीच्या रात्री चालू होता. साईराजच्या फ्लॉप्या आणि कपिलची सीडी, दोन्ही रात्रभर याच्यावर होत्या. दोन्हींना हळदीकुंकू लागलंय. कुणी निवडून मारलं नाही. ठेवणाऱ्याने दोघींना सारखंच ठेवलं. किल्ल्या दोन, त्यातल्या एकीचा माणूस त्या दिवशी पुण्यात होता, दातारांनीच ते सांगितलंय. दुसऱ्या किल्लीच्या माणसावर माझा काही आरोप नाही. पण बोलायला त्यालाच लागेल.”

मग मागून तात्या पुढे आले. कानाची पेन्सिल त्यांनी काढून खिशात ठेवली.

“म्याच ठिवल्या,” ते म्हणाले. “म्हयनाभर त्या पोराला मी छताकडं बघून उत्तरं दिली. गुरुवारी त्यानं पडद्यावर दावलं, तर मी बोललो ते समदं त्यात हुतं. कुठल्या रॅकात काय, कुठला माल दमट जागी ठिवायचा न्हाई, समदं. आजवर मला कुणी ते इचारलंच नव्हतं. मग नवमीला वाटलं, ह्यावर आता कारखान्याचं पोट चालणार, आन् ते एकटंच कपाटात कोंडून ठिवायचं व्हय? तिकडं बाकीच्या हत्यारांस्नी फुलं. म्हणून नेलं. सीडी बी नेली, दुजाभाव नको. पाटावानी चकचकीत जागा दिसली, तिथं ठिवलं. ठिवलं तसं चिकटलं, हलंना, तवा मला वाटलं देवानं धरलं. दसऱ्याला समद्यांच्या आधी येऊन गुपचूप परत कपाटात ठिवलं.”

एक संचालक हसला आणि लगेच थांबला.

“सकाळी का नाही बोललात?” बाईंनी विचारलं.

“कसा बोलू? पेटीला हात लावणार न्हाई म्हणून गावभर सांगितलेलं. आन् हात लावला तो पूजेचा. हसली असती समदी. फुलांनी काय मरतंय, असं म्हणून गप बसलो.” ते प्रबुद्धकडे वळले. “हसण्याला भ्यालो रं पोरा, आन् तुझं नाव जाऊ दिलं.”

प्रबुद्ध बाजूला सरकला आणि त्याने तात्यांना भिंतीपाशी जागा करून दिली.

खरेदीचं काम तसंच राहिलं होतं. बाईंनी ते नेहमीच्या कोरड्या आवाजात उरकलं. तुलना पुढच्या सोमवारी. तात्या साईराजजवळ बसून साठा पुन्हा भरून घेतील, या खेपेला पडद्याकडे बघून. दुसरी प्रत नको, या हट्टाला मुकाट मान डोलावली, हा साईराजचा दोष, तो त्याच्या नावावर लागेल. हट्ट धरणाऱ्याचा दोष कुणाच्या नावावर लावायचा ते आप्पासोंनी ठरवावं. परदेशी सॉफ्टवेअर चांगलं आहे, त्याचा विचार जरूर व्हावा, पण विकायला माणूस दुसरा यावा. तराजू धरणाऱ्यालाच विकत घ्यायला निघालेला दुकानदार आपल्या मालाबद्दल काय समजतो, ते वेगळं सांगायला नको.

कपिलने मान खाली घातली. त्याच्याबद्दलही बाईंना थोडं वाईट वाटलं. टायवाल्या पोरांनाही वरून कुणीतरी आकडा दिलेला असतोच.

६

संचालक चहाला उठले. आप्पासोंनी प्रबुद्धच्या खांद्यावर हात ठेवला.

“झालं गेलं सोड. जा, कामाला लाग.”

प्रबुद्ध जागचा हलला नाही.

“आप्पासो, आटपाडीला फोन तुम्ही केला होता.”

तेवढंच. आवाज चढलेला नव्हता. संयोगिताबाई कागद गोळा करत होत्या, त्यांनी हात थांबवला. भर आवारात आणि भर आळीत नावे टाकलेली रक्कम बंद खोलीत जमा करता येत नाही, हे इतक्या वर्षांच्या मालकाला सांगायला लागावं, याची त्यांना गंमत वाटली आणि थोडी भीतीही. कारण आप्पासोंचा चेहरा लाल झाला होता. त्यांना माफी मागताना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

आप्पासो टेबलामागे गेले. फोन ओढला. नंबर सकाळचाच होता, कोऱ्या पाकिटाच्या मागे लिहून ठेवलेला.

“कोंडीबा? हेरलगे बोलतोय. लक्ष्मीबाईंना बोलीव. होवाळाच्या आईला. न्हाई, निरोप नको, त्यास्नीच बोलीव. मी धरतो.”

आणि त्यांनी धरला. बाहेरगावच्या फोनवर ‘पोचलो’ एवढंच बोलून ठेवणारे आप्पासो दिवसाच्या महाग दराच्या वेळेत रिसीव्हर कानाला लावून बसून राहिले. पलीकडून कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी साखर मागत असलेलं, धावतं पाऊल. चहा पिऊन संचालक परत आले, त्यांना त्यांनी हातानेच बसायला सांगितलं.

मग पलीकडे बाईमाणसाचा आवाज आला, आणि आप्पासो खुर्चीतून उठून उभे राहिले.

“आवं, मी हेरलगे. सकाळी फोन केलता तो मीच. चुकीचं बोललो. तुमच्या पोरानं काही केलं न्हाई. व्हय. चूक माझी. आळीत बी सांगा, मी म्हणालो म्हणून सांगा. कोंडीबाला मी सांगतोच.”

मग ते नुसते ऐकत राहिले. ‘व्हय’, ‘व्हय’ म्हणाले. लक्ष्मीबाई पलीकडून बरंच बोलत असाव्यात, आणि ते सगळं गोड नसावं. आप्पासोंनी मधे एकदा कपाळ पुसलं. शेवटी त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि प्रबुद्धकडे पाहिलं.

“तू सकाळपासनं जेवलायस का, इचारत्यात.”

“नाही,” प्रबुद्ध म्हणाला.

आप्पासोंनी हात काढला.

“न्हाई जेवला अजून,” ते फोनात म्हणाले. “आत्ता बसतोय. माझ्याच डब्यात, माझ्यासंगं.”